सर्वांत लहान नंबर

९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आठवडाभर पत्र नाही म्हणून मनातल्या मनात मला किती बोलली असशील ते मला इथे ऐकू आलं. फोन पहिल्याच दिवशी एका पोत्यात जमा झाले. आता अठरा आठवडे मी आणि माझं हे गिचमिड अक्षर. लागेल तितकं वाच, बाकीचं अंदाजाने लाव.

तुकडीत आम्ही साठ जण, त्यात मुली नऊ. बराकीचं एक टोक पडदा लावून आम्हाला दिलंय. खिडकीतून कवायतीचं मैदान दिसतं आणि मैदानाच्या पलीकडे नदीवर एक लोखंडी पूल. तो पूल फौजेतल्या पूलवाल्या तुकडीने एका दिवसात उभा केला म्हणे, नऊ तासांत! इथून पास झाले की मला त्याच तुकडीत जायचंय. आजवर तिथे दोनच मुली गेल्यात. तिसरी कोण, ते तुला सांगायला नको.

सामान मिळालं. कोठीवाल्याने मला वरून खाली पाहिलं, खाली पाहायला त्याला फार वेळ लागला नाही, आणि पाच नंबरचे बूट पुढे सरकवले. मी म्हटलं, माझा पाय तीनचा आहे. तो म्हणाला, सर्वांत लहान नंबर पाच, तीन नंबरचा पाय फौजेला माहीत नाही. मोज्यांवर मोजे घाल आणि पुढे कापूस कोंब. म्हणजे माझी आत्या बसलीय बुटांच्या कारखान्यात अर्ध्या जगाच्या फौजांना बूट चढवत, आणि तिची सख्खी भाची कापूस कोंबतेय!

माझ्या शेजारच्या खाटेवर एकजण आहे, तिला आम्ही वकीलीण म्हणतो, कारण ती जेवणातल्या मिठावरही बाजू मांडते. तिचा आणि माझा रोज वाद. कुठल्या देशाची फौज चांगली शिकवलेली, कुणाचं सामान भारी, कोण शिपायाला किती दिवसांत तयार करतं. मी ऐटीत सांगून टाकलंय की माझ्या आत्याला सगळं ठाऊक आहे. तेव्हा माझी अब्रू तुझ्या हातात. सविस्तर लिही.

आईबाबांना वेगळं पत्र टाकलंय. तुझा लोभ आहे तसाच राहू दे, थोडा जास्त झाला तरी चालेल.

तुझी,
भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. दोनदा अक्षर लागावं म्हणून आणि एकदा हौसेने. वकीलणीला माझा नमस्कार सांग आणि पुढचं तिला मोठ्याने वाचून दाखव.

मी बसते ते कलबुतांच्या खात्यात. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. त्याच्यावर कातडं ओढून बसवलं की बूट घडतो. कातडं कितीही उंची असो, कलबूत चुकलं की बूट चुकला. माझ्यासमोर भिंतभर फळ्या आहेत, देशादेशांची कलबुतं रंग लावून मांडलेली. कुणाची फौज कशी आहे ते मला विचारशील तर मी तोफा मोजणार नाही, मी या फळ्या पाहीन.

निळी फळी डोंगरवाल्यांची. त्यांच्या प्रत्येक नंबरात तीन रुंद्या आहेत, अरुंद, मध्यम आणि पसरट. त्यांचा माणूस सांगत होता की नवा शिपाई वर्षभर शिकतो, आणि प्रत्येक बराकीत पगारी मोची असतो. त्याने हा पाय चालणार नाही म्हटलं की कर्नलसुद्धा त्याला चालवत नाही. पिवळी फळी आरसेवाल्यांची. त्यांचा तपासनीस खिशातून टॉर्च काढतो आणि बुटाच्या नाकात आपले दात दिसतात का बघतो. तळव्याबद्दल त्याने आजवर एक प्रश्न विचारलेला नाही. त्यांचे शिपाई बहुतेक फाटकाशी उभे राहत असावेत.

हिरवी फळी बेटवाल्यांची, आणि तिच्या खालच्या दोन ओळी बायकांची कलबुतं आहेत. टाच अरुंद, चवडा रुंद, वरचा उंचवटा जास्त. बाईचा पाय म्हणजे पुरुषाचा पाय धुवून आटवलेला नव्हे, एवढी साधी गोष्ट मान्य करायला त्यांनाही पंधरा वर्षं लागली. आता त्यांच्या मुलींना बूट भरतीच्या दोन महिने आधी घरपोच जातात. मुलगी घरात घालून वावरते, मग येते. शिक्षण अठ्ठावीस आठवडे, त्यात पहिले सहा आठवडे पाठीवर ओझं नाही.

आपल्या फौजेचे बूट आमच्याकडे होत नाहीत. एकदा नमुना पाहायला आला होता, मी हात फिरवून पाहिला. खोटं कशाला बोलू, बूट चांगला आहे. कातडं चांगलं, शिवण पक्की. फक्त तो तुझा नाही.

कापूस पुढे कोंबू नकोस, बोटं अवघडतील. सोबत चित्र काढलंय त्याप्रमाणे वरच्या दोन भोकांत लेसचा फास करून घे, म्हणजे टाच उचलणार नाही. टाच उचलू लागली तर मला कळव, लपवू नकोस. लपवण्यात तू लहानपणापासून पटाईत आहेस म्हणून मुद्दाम लिहिते.

प्रकृतीला जप, आणि या बाईवरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बराकीत तीन वेळा वाचलं गेलं. आरसेवाल्यांच्या दातांवर पडद्यापलीकडची मुलंही हसली. त्यातून ते आमच्या प्रशिक्षकांच्या कानावर गेलं. त्यांना आम्ही शिट्टी म्हणतो, कारण शिट्टी तोंडात नसेल तेव्हा त्यांचं तोंड कुणाला ओळखू येत नाही. त्यांनी मला पुढे बोलावून विचारलं, की बाई, तुमचे पाय कुठल्या देशाचे? मी म्हटलं, आपलेच साहेब. मग आपल्याच मैदानाला चार फेऱ्या मारून दाखवा, म्हणाले. मारल्या. माणूस वाईट नाही. फेऱ्या संपल्यावर पाणी त्यांनीच आणून दिलं.

लेसच्या फासाने टाच बरीच धरते. पण चालायची पद्धत अशी, की उंच मुलं पुढे आणि आम्ही शेपटाला. पाऊल पुढच्यांच्या मापाचं. ते चालतात आणि मी दर तिसऱ्या पावलाला उडी मारते. सॅकचा कमरपट्टा माझ्या कमरेच्या खाली येतो, त्यामुळे सगळं ओझं खांद्यांवर. ओझं बावीस किलो आणि मी सत्तेचाळीस. वकीलीण म्हणायची, सॅकनेच तुला पाठीवर घ्यावं.

म्हणायची असं लिहिलं, कारण ती गेली. तिची नडगी दुखायची. तिने तीनदा डॉक्टरला दाखवलं. इथे नियम आहे, आठवड्याहून जास्त विश्रांती लागली तर पुढच्या तुकडीत ढकलतात आणि तिसऱ्यांदा आजारी पडलं तर घरी. जाताना काहीच बोलली नाही गं. ती, आणि गप्प! तिच्या खाटेची गादी गुंडाळून ठेवलीय. तिकडे बघवत नाही.

आता एक गोष्ट फक्त तुला. उजव्या जांघेत दुखतं. खोल कुठेतरी, बोट ठेवून दाखवता येत नाही असं. सकाळी नसतं, चालायला लागलं की चढतं आणि बसलं की उतरतं. काही नाही, शिरेवर शीर चढली असेल. बाबांना अजिबात सांगू नकोस. तुझ्या गळ्याची शपथ, आणि माझ्याही. पुढची तुकडी सहा महिन्यांनी, आणि पूलवाल्यांकडची जागा याच तुकडीपुरती आहे.

बाकी मी मजेत. नदीवरच्या पुलावरून आज आम्हाला नेलं. खाली पाणी, वर आम्ही, आणि पायाखाली सगळं किंचित थरथरत होतं. मी शिट्टीसाहेबांना विचारलं, हे कुठे कुठे आवळलंय? ते म्हणाले, आधी पास हो, मग तूच आवळ.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
भिंगरी


३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला घेऊन केंद्रावर भेटीच्या दिवशी जाऊन आलो. काय सांगू तुला! पोरगी सरळ उभी राहून मला सलाम करते. मी गोंधळलो आणि मीही केला. हात चुकीचा निघाला, ती हसली नाही. आपली भिंगरी, आणि हसली नाही!

तुला ठाऊक आहे, मी या भरतीच्या विरुद्ध होतो. घरात दोन महिने अबोला होता. आता मात्र आमच्या कचेरीच्या इमारतीत असा एक माणूस उरलेला नाही ज्याला मी सांगितलं नाही. लिफ्ट चालवण्याचा हा एक फायदा, ऐकणाऱ्याला मधेच उतरता येत नाही. चौथ्या मजल्यापर्यंत निवड कशी झाली ते होतं, आठव्यापर्यंत पूलवाली तुकडी. बाराव्याचे मोठे साहेब उतरताना म्हणाले, शेवटची चाल झाली की पेढे मागायला येतो.

ती शेवटची चाल आठ मेला आहे. चाळीस किलोमीटर, ओझ्यासकट. ती संपली की शपथ. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावतात. तुझं नाव मी यादीत घातलंय, रजा आत्ताच टाकून ठेव. तुझ्या कलबुतांना एक दिवस कुणी पळवून नेत नाही.

पत्राचं उत्तर दे. हल्ली तू मला चार ओळींत गुंडाळतेस.

आहे तसा लोभ असू दे.

तुझा,
दादा


२१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

या पत्रात थट्टा नाही, तेव्हा हे एकटीनेच वाच.

परवा बेटवाल्यांची तपासनीस आली होती. साठीची बाई आहे, त्यांच्या फौजेत चोवीस वर्षं काढलेली, मुलींना शिकवायची. बूट तपासून झाल्यावर चहा घेताना मी सहज विचारावं तसं विचारलं, की एखाद्या मुलीची जांघ दुखते, खोल, चालल्यावर चढते, बसल्यावर उतरते, तर ते काय असतं? तिने कप खाली ठेवला. किती आठवडे झाले, म्हणाली. मी म्हटलं, पाच. ती मुलगी आपली कोण, असं विचारलंन. मी सांगितलं.

ती म्हणाली, ती शीर नव्हे, हाड आहे. मांडीचं हाड खुब्यात जिथे बसतं तिथे त्याची मान असते, तिला केसाएवढी चीर जाते. लहान चणीची मुलगी उंच माणसांच्या पावलाने ओझं घेऊन चालली की जाते. त्यांच्याकडे एका वर्षात अकरा मुलींना झालं, तेव्हा कुठे त्यांनी बुटक्यांना पुढे घेतलं. आता तिथे पाऊल सर्वांत लहान माणसाचं आणि उंचांनी आपलं आखडायचं. नुसत्या बुटाने हे थांबत नाही, असंही म्हणाली. चीर असताना सहाआठ आठवडे कुबडीवर विश्रांती घेतली तर सांधते. चालत राहिलं तर एक दिवस आरपार मोडते. मग ती चालते, पण पूर्वीसारखी नाही.

मी ते शब्द जसेच्या तसे लिहिलेत. तू उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव. तुकडी जाईल, मला कळतंय. सहा महिने जातील. जाऊ देत ना गं.

सोबतच्या पार्सलात बूट आहेत. हिरव्या फळीवरचं तीन नंबरचं कलबूत घेऊन, आपल्या नमुन्यासारखं काळं कातडं लावून, जेवणाच्या सुट्टीत नऊ दिवस बसून मी स्वतः केलेत. फोरमन दोनदा येऊन उभे राहिले आणि गेले. तिसऱ्यांदा आले ते टाचेचे खिळे घेऊन. वरून पाहणाऱ्याला फरक कळायचा नाही.

मी आपल्या पुरवठा खात्यालाही लिहिलंय. सहा पानं. कुठला देश किती नंबर ठेवतो, किती आठवडे शिकवतो, बायकांसाठी काय वेगळं करतो, सगळं. ते कुणी वाचेल न वाचेल, तू एवढं वाच आणि ऐक.

माझ्या जिवाला घोर लावू नकोस. तुझ्यावाचून लोभ तरी कुणावर करू?

आत्या


८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बूट घातले तेव्हा मी खाटेवर बसले होते. उभी राहिले, आणि आत्या, मला कळलंच नाही की मी काही घातलंय. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा माझी टाच माझ्या टाचेच्या जागी होती. बराकीत इकडून तिकडे नुसती चालत राहिले. मुली म्हणाल्या, वेडी झाली.

चार दिवस घातले. पाचव्या दिवशी सामान तपासणी होती. बुटाच्या आत फौजेचा शिक्का असतो, तो यांत नव्हता. केंद्राचे मोठे साहेब आले. त्यांनी बूट हातात घेऊन वाकवून पाहिला, नखाने शिवण पाहिली, आणि कुणी केला असं विचारलं. मी म्हटलं, आत्याने. फार चांगला बूट आहे, म्हणाले. खरंच म्हणाले. मग म्हणाले, पण उद्या हा घालून तुला काही झालं तर जबाबदार कोण? बूट खाली ठेवताना त्यांनी लेस नीट आत खोचल्या. शेवटी बूट कोठीत गेले आणि मला पावती मिळाली. शपथ झाली की परत मिळतील.

पुन्हा पाच नंबर. सवय आहे.

डॉक्टरचं म्हणतेस ते मी वाचलं. त्या बाईंचा देश वेगळा, त्यांच्या मुली वेगळ्या. तिथे सांगितलं तर कुबडी देतात, इथे सांगितलं तर बिछाना गुंडाळतात. वकीलणीचं पत्र आलं. ती काकांच्या दुकानात कापड मोजते. एवढंच लिहिलंय, दुसरं काही नाही, आणि तिचं पत्र एका पानाचं!

एक महिना राहिलाय. मी रोज मोजते. आज तीस, उद्या एकोणतीस. इतके आठवडे गेले, एवढे जातील. झाल्यावर तू सांगशील त्या डॉक्टरकडे येईन आणि तू म्हणशील तितके दिवस पडून राहीन. शब्द दिलाय. तूही तुझा पाळ. मी तुला सांगितलं ते तू माझी आई नाहीस म्हणून. आईला सांगितलं असतं तर बाबांना कळलं असतं.

माझ्यावर विश्वास ठेव, नमस्कार आहेच.

तुझी,
भिंगरी


२४ एप्रिल

आत्या,

नमस्कार.

सोमवारी मला दवाखान्यात बोलावणं आलं. डॉक्टरांच्या टेबलावर तुझं पत्र होतं. तुझं ते गोल गोल अक्षर मला दारातूनच दिसलं. ‘माझ्या भाचीच्या मांडीच्या हाडाला चीर गेली असावी.’ त्यांनी ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, नाही. कधी दुखलं होतं? नाही. मग आत्याबाई का लिहितात? मी म्हटलं, त्यांना माझी काळजी फार.

त्यांनी मला उजव्या पायावर दहा उड्या मारायला सांगितलं. हाडात काही असेल तर माणसाला एकही मारता येत नाही, म्हणाले.

मी दहा मारल्या. मोठ्याने मोजत मारल्या. सातव्याला डोळ्यांपुढे पांढरं झालं, तरी आठ म्हटलं. दहा झाल्यावर मी हसले. त्यांनी कागदावर ‘तंदुरुस्त’ लिहून खाली सही केली. मी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, नातेवाइकाच्या पत्रावरून आम्हाला एक्स-रे काढता येत नाही, तक्रार शिपायाची स्वतःची लागते.

बाहेर येऊन मी भिंतीला धरून उभी राहिले.

आता ऐक तू काय केलंस. इतके दिवस मला वाटायचं, अगदीच असह्य झालं तर जाऊन सांगेन. एक दार होतं. आता मी त्यांच्यासमोर उड्या मारल्यात. आता मी गेले तर खोटारडी ठरेन. ते दार मी नाही लावलं, तू लावलंस.

मला सध्या पत्र पाठवू नकोस. पंधरा दिवसांनी शपथ आहे. यादीत तुझं नाव आहे, यायचं असेल तर ये.

भिंगरी


१० मे

धाकटीस,
आशीर्वाद.

तू काल शपथेला पोचायच्या आत आम्ही केंद्रातून निघालो होतो. फाटकावरच्या माणसाने तुला काय सांगितलं ते ठाऊक नाही, म्हणून लिहितोय. तिच्या उशाशी बसूनच लिहितोय.

परवा एकतिसाव्या किलोमीटरला पाय मोडला. ठेच नाही, खड्डा नाही, सपाट रस्ता होता. ते प्रशिक्षक, ज्यांना ही शिट्टी म्हणायची, ते मागेच चालत होते. म्हणाले, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि पोर खाली बसली. ओरडली नाही. नऊ किलोमीटर राहिलेत ना, एवढंच विचारलंन. गाडीच्या रस्त्यापर्यंत त्यांनी तिला स्वतःच्या पाठीवर आणलं. कालपासून ते इस्पितळाच्या बाकावर बसून आहेत. घरी जा म्हटलं तरी जात नाहीत.

खुब्यात तीन स्क्रू घातलेत. फौजेचा कागद आजच हातात दिला, शारीरिक कारणाने मुक्त. ती अजून गुंगीत आहे, तिला सांगितलेलं नाही. ते सांगायचं काम माझ्यावर आलंय.

इथल्या सर्जनने विचारलं, किती दिवस दुखत होतं? मी म्हटलं, नव्हतंच दुखत. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. म्हणाले, ही चीर दोनतीन महिन्यांची. मग केंद्राच्या कागदांतून एक पत्र निघालं. पाकीट बघायची गरज पडली नाही. पाटीवर तुझा हात धरून ते अक्षर मीच तुला शिकवलं होतं.

अकरा एप्रिलचं पत्र. तुला माहीत होतं, धाकटे. डॉक्टरला लिहिलंस आणि मला नाही. मी तिचा बाप. मी त्या दिवशी गाडी पकडली असती आणि तिला उचलून घरी आणलं असतं. जन्मभर बोलली नसती माझ्याशी, चाललं असतं.

का नाही लिहिलंस, एवढंच सांग.

दादा


१५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. सतरा फेब्रुवारीपासून माहीत होतं.

तुला लिहायला तीनदा बसले. पहिल्यांदा शीर असेल असं वाटलं, म्हणजे वाटून घेतलं. दुसऱ्यांदा तुझं पत्र समोर होतं, लिफ्टचं आणि मोठ्या साहेबांच्या पेढ्यांचं. तुमचा तो दोन महिन्यांचा अबोला मला आठवला. आत्ता कुठे बापलेक बोलू लागलेत, म्हटलं. तिसऱ्यांदा कागदावर सगळं लिहून झालं होतं आणि मी ते टाकलं नाही. तिने शपथ घातली होती हे कारण सांगता येईल, पण पूर्ण खरं तेही नाही. ती मला सांगते, मलाच सांगते, याचा मला आनंद होता, दादा. तो मला सोडवला नाही. डॉक्टरला लिहिलं तर तिचा पाय वाचेल आणि ती मला फितूर म्हणणार नाही, असा हिशेब मी केला. दोन्ही हातचं गेलं.

डॉक्टरच्या पत्राचा काय परिणाम झाला तो तिने मला कळवलाय. तो तुला तिच्याच तोंडून कळू दे, माझ्याने लिहवत नाही.

काल पुरवठा खात्याचं उत्तर आलं. माझ्या सहा पानांना त्यांच्या पाच ओळी. इतर देशांच्या पद्धतींची नोंद घेण्यात आली आहे. महिला शिपायांची संख्या अल्प असल्याने पाचहून लहान नंबर किंवा वेगळं कलबूत तूर्त विचाराधीन नाही. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. फोरमनना दाखवलं. त्यांनी वाचून परत दिलं आणि म्हणाले, बाई, आज घरी जा. मी गेले नाही. घरी जाऊन काय करणार होते?

हाडाचं मला ज्या बेटवाल्यांच्या बाईने सांगितलं तिला मी काही कळवलेलं नाही. पुढच्या महिन्यात ती येईल आणि विचारेल.

मला यायचंय. तू नको म्हणालास तर येणार नाही. पण नको असं तरी लिही. तिच्याशी बोलायला येत नाही, तिने पत्रसुद्धा पाठवू नकोस म्हटलंय. तिचं काय लागेल ते करीन आणि बाजूला राहीन.

शिव्या दे. त्याही माझ्या हक्काच्या आहेत.

तुझी,
धाकटी


२ जून

वन्सं,
स. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही. घरची पत्रं हे लिहितात आणि मी खाली नमस्कार सांगते. या वेळी ह्यांनी तुमचं पत्र वाचून घडी घालून खिशात ठेवलं, ते पंधरा दिवस खिशातच आहे. शर्ट धुवायला टाकताना काढतात आणि दुसऱ्या शर्टात ठेवतात. ह्यांच्याकडून उत्तर यायचं नाही, म्हणून मी लिहिते.

भिंगरीला घरी आणलं. कुबड्यांवर खोलीतून न्हाणीपर्यंत जाते. डॉक्टर म्हणतात, त्या हाडाला रक्त पोचतंय की नाही हे वर्षभराने कळेल. पोचलं तर बरं, नाही तर खुबाच बदलायचा, एकविसाव्या वर्षी. तोवर करण्यासारखं काही आहे का, मी विचारलं. म्हणाले, नाही, वाट पाहा. मला औषध दिलं असतं, व्यायाम सांगितला असता, उपास करा म्हटलं असतं तरी केले असते. नुसती वाट कशी पाहतात ते मला येत नाही.

पूलवाल्यांकडून तिला पत्र आलं होतं, की बऱ्या झाल्यावर कचेरीतल्या कामासाठी अर्ज करू शकता. तिने ते वाचून मला दिलं आणि विचारलं, आई, कचेरीत कुठे पूल असतो? हे लिफ्टमध्ये आता कुणाशी बोलत नाहीत. लोक विचारतात, मुलगी काय म्हणते? हे म्हणतात, कितवा मजला?

आता जे लिहिते ते मी ह्यांना सांगितलेलं नाही. भेटीच्या दिवशी ती आम्हाला बराक दाखवायला जिना चढून वर घेऊन गेली. मी तिच्या मागे होते. ती प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय ठेवत होती आणि उजवा मागून ओढून घेत होती. चौदा पायऱ्या. मी तिची आई आहे, मला एका पायरीत कळलं. वर पोचल्यावर तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मी तोंड उघडलं नाही. हे पुढे उभे राहून कुणाला तरी सांगत होते की माझी मुलगी. परतीच्या गाडीत चार तास होते. त्या चार तासांत मी कितीदा बोलायला गेले.

तुम्ही निदान डॉक्टरला लिहिलंत. मी तेही केलं नाही. ह्यांना वाटतं, तुम्ही एकट्या जाणत होतात. ते तसं नाही हे त्यांना सांगायचं बळ माझ्यात अजून आलेलं नाही. येईल तेव्हा सांगेन. त्या वेळी तुम्ही इथे असलात तर बरं होईल.

तेव्हा या. नको असं कुणी म्हटलेलं नाही. भिंगरी तुमचं नाव काढत नाही, पण शनिवारच्या गाडीची वेळ काल तिने मला विचारली आणि का विचारली ते सांगितलं नाही. तुमच्याशी कुणी बोलेल अशा आशेने मात्र येऊ नका. आम्ही तिघं संध्याकाळी एकाच खोलीत असतो. ती खिडकीकडे तोंड करून, हे दाराकडे, आणि मी काहीतरी निवडत. चौथी खुर्ची आहे. त्यावर बसा.

लोभ आहे. बोलून दाखवता येत नाही एवढंच.

तुमची,
वहिनी